दरडीचा धोका साठत जातो का? भूकंप, पाऊस आणि मुंबईच्या टेकड्या

घाटकोपर पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "आमचं मूळ गाव डहाणू तालुक्यात. तिथे २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसतायत. या धक्क्यांनी मुंबईतल्या टेकड्या आतून सैल होत असतील का? एक पावसाळा सुखरूप गेला म्हणजे पुढचाही जाईल असं धरायचं, की धोका दरवर्षी साठत जातो? भाऊ म्हणतो, पायथ्याची खोली विकून वरच्या अंगाला घेऊ, म्हणजे डोक्यावर दरड नको. घ्यावी का?"

डहाणूच्या धक्क्यांनी तुमची टेकडी सैल होत नाही. एवढ्यापुरतं निश्चिंत राहा. पण "धोका साठतो का" हा प्रश्न तुम्ही अगदी नेमका विचारलात आणि त्याचं उत्तर 'हो' असं आहे. उतारात दोन गोष्टी साठतात. एक पाणी, जे जूनपासून भरत जातं आणि दिवाळीनंतर बरंचसं निथळून जातं. दुसरी म्हणजे उताराला झालेली इजा, आणि ती एका पावसाळ्यावरून दुसऱ्या पावसाळ्यावर जाते. भूकंप हा अशी इजा करणारा एक घटक. मुंबईत ती इजा बहुतेक ठिकाणी माणसाच्या हातून झालेली आहे.

आधी पाण्याचं बघू, कारण मुंबईत दरड कधी येणार हे तेच ठरवतं. माती-मुरमाचा उतार कणाकणांतल्या घर्षणावर उभा असतो. वरच्या थराचं वजन खालच्या कणांना एकमेकांवर दाबून धरतं, आणि जितका दाब जास्त तितकं घर्षण जास्त. कणांमधल्या पोकळ्यांत पाणी भरलं की हा दाब कमी होतो. विहिरीत बुडालेली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते ना, तसंच मातीचे कणही पाण्यात हलके होतात आणि एकमेकांवरची पकड सोडतात. उताराचं एकूण वजन मात्र पाण्यामुळे वाढलेलंच असतं. म्हणजे खाली ओढणारा जोर वाढतो आणि धरून ठेवणारा घटतो, दोन्ही एकदम.

उन्हाळ्यात मुरमाचा जवळजवळ सरळ उभा काप बिनधास्त टिकून असतो. अर्धवट ओल्या मातीत कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांकडे खेचून धरतं, त्याची ही ताकद. माती पूर्ण भिजली की ती ताकद शून्यावर येते. मे महिन्यात काप बघून "चांगला पक्का डोंगर आहे" म्हणणारे अनेक जण मला भेटतात. मे महिन्यातल्या कापाकडे बघून जुलैबद्दल काहीच सांगता येत नाही.

मुंबईच्या टेकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. वर झिजलेला बेसाल्ट, म्हणजे आपला मुरूम, खाली कठीण काळा पाषाण, आणि काही भागांत मधे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेले मऊ थर. वरून मुरलेलं पाणी कठीण खडकावर किंवा अशा चिकट थरावर येऊन अडतं आणि तिथेच तुंबतं. घसरण्याची पातळी बहुधा तिथेच तयार होते.

आता मोठ्या दरडींच्या तारखा बघा. साकीनाका आणि महाडजवळची जुई-दासगाव, २६ जुलै २००५ आणि तिच्या आगेमागे. माळीण, ३० जुलै २०१४. चेंबूरचं भारतनगर आणि विक्रोळीचं सूर्यनगर, १८ जुलै २०२१. तळिये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. तुमच्याच घाटकोपरच्या आझादनगरची दुर्घटना जुलै २००० मधली. जूनमध्येही मुंबईत एकेका दिवशी प्रचंड पाऊस पडतो, तरी मोठ्या दरडी बहुतेक जुलैच्या उत्तरार्धात का येतात? जूनचा पाऊस कोरड्या डोंगरावर पडतो आणि डोंगर तो शोषून घेतो. जुलैच्या मध्यापर्यंत पोकळ्या भरलेल्या असतात आणि मग तेवढाच पाऊस खूप जास्त घातक ठरतो. म्हणून "आज किती मिलिमीटर पडला" इतकंच बघून भागत नाही. त्याआधीच्या दहा-पंधरा दिवसांत किती पडला, हेही तितकंच महत्त्वाचं. अर्थात २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, एका अख्ख्या जुलै महिन्याएवढा. इतक्या पावसापुढे आधीच्या ओलीचा हिशोब मागे पडतो.

आता भूकंपाकडे वळतो. भूकंप डोंगराला काही सेकंद आडवा हलवतो. हादरा पुरेसा जोरदार असेल तर प्रत्येक हेलकाव्याला उतार थोडा थोडा खाली सरकतो आणि हे सरकणं बेरजेत जमा होतं. काही उतार तिथल्या तिथे कोसळतात. त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त उतार कोसळत नाहीत. ते काही सेंटिमीटर सरकून थांबतात, माथ्याजवळ भेगा पडतात, मुळं तुटतात, खडकाचे सांधे उघडतात. डोंगरकड्यावर हादरा पायथ्यापेक्षा जास्त जाणवतो, त्यामुळे भेगाही वरच्या अंगालाच जास्त. बाहेरून डोंगर पूर्वीसारखाच दिसतो. पहिला जोरदार पाऊस आला की पाणी त्या भेगांतून थेट आत उतरतं, आणि पूर्वी जो उतार मोठ्या पावसालाही दाद देत नव्हता तो निम्म्या पावसात खाली येतो.

याचे पुरावे जगभर आहेत. तैवानमध्ये २१ सप्टेंबर १९९९ ला ७.६ तीव्रतेचा ची-ची भूकंप झाला. त्याच खोऱ्यांत १९९६ च्या चक्रीवादळात किती दरडी आल्या होत्या हे नोंदलेलं होतं. भूकंपानंतर २००१ मध्ये तोराजी चक्रीवादळ आलं तेव्हा दरडींचं प्रमाण कितीतरी वाढलेलं दिसलं. चीनमध्ये १२ मे २००८ च्या वेनचुआन भूकंपानंतर सप्टेंबर २००८ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१० मध्ये पावसाने चिखल-दगडांचे लोंढे गावांवर आणले. त्यातलं बरंचसं सामान भूकंपाने आधीच सैल करून दऱ्यांत टाकलेलं होतं. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला गोरखा भूकंप झाला, तो ऐन कोरड्या दिवसांत. दरडी तेव्हाही हजारोंनी आल्या, लांगटांग गाव गाडलं गेलं. पण अर्धवट हललेले उतार पुढच्या पावसाळ्यांची वाट बघत राहिले.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा वाढीव धोका कायम राहत नाही. मोठ्या भूकंपानंतर दरडींचं प्रमाण कित्येक पटींनी चढतं आणि मग दरवर्षी उतरत जातं. अभ्यासलेल्या अनेक ठिकाणी ते एक ते चार-पाच वर्षांत मूळ पदावर आलं, वेनचुआनसारख्या प्रचंड भूकंपानंतर दशकभर लागलं. जे सगळ्यात सैल ते आधी पडून जातं. उरलेली माती पावसागणिक बसत जाते, बारीक कण वाहून जाऊन मागे जाड दगड राहतात, आणि गवत-झुडपं पुन्हा मुळं धरतात. मातीचा उतार असा बऱ्यापैकी सावरतो. खडकात उघडलेला सांधा मात्र आपणहून मिटत नाही. त्यात पाणी, माती, मुळं शिरत राहतात आणि तो रुंदावत जातो.

उलटा क्रमही असतो, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. आधी डोंगर भिजलेला आणि मग भूकंप. सिक्कीमचा १८ सप्टेंबर २०११ चा भूकंप पावसाळ्याच्या शेवटी झाला. ६.९ तीव्रतेने रस्तेच्या रस्ते दरडींखाली गेले. जपानमध्ये होक्काइडोला ६ सप्टेंबर २०१८ ला ६.६ चा भूकंप झाला. एक-दोन दिवसांपूर्वीच तिथून वादळ गेलं होतं, आणि ज्वालामुखीच्या सैल राखेच्या टेकड्यांवर हजारो दरडी काही क्षणांत आल्या. आपला कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. पाऊस संपून दोन महिने होऊन गेले होते. तोच जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाला असता तर पाटण-चिपळूणच्या डोंगरांत काय झालं असतं, याचा विचार आपल्या आपत्ती आराखड्यांत व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

कोयनेच्या बाबतीत लोक मला हमखास विचारतात: जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी आल्या, त्या कोयनेच्या धक्क्यांमुळे का? माझं मत सांगतो. त्या दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. एवढा पाऊस सह्याद्रीच्या कुठल्याही चढ उतारावर दरड आणायला पुरेसा आहे, आणि तळियेला तसंच झालं. १९६७ मध्ये मातीला झालेली इजा अर्ध्या शतकात भरून आलेली असणार. कड्यांमधल्या सांध्यांबद्दल मी तितक्या खात्रीने बोलणार नाही. त्यामुळे त्या भागात प्रत्येक जाणवण्याजोग्या धक्क्यानंतर माथ्यावर जाऊन भेगा बघणं मला योग्य वाटतं. दरडीचं सगळं खापर मात्र भूकंपावर फोडू नये, कारण मग पाण्याच्या निचऱ्याकडे कुणी बघतच नाही.

तुमच्या डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून जे चाललंय ती लहान धक्क्यांची मालिका आहे. बहुतेक धक्के तीनच्या खालचे, मोजके मोठे चारच्या आसपासचे. तीव्रता चारच्या खाली असेल तर दरड येणं फार दुर्मिळ. चारच्या आसपास फार तर आधीच लटकत असलेला धोंडा सुटतो, आणि तोही केंद्राच्या अगदी जवळ. तिथल्या घरांच्या भिंतींना तडे गेलेत, गावकऱ्यांनी थंडीत बाहेर झोपून रात्री काढल्यात, तो त्रास खराच आहे. पण शंभर किलोमीटरवरच्या घाटकोपरला पोहोचेपर्यंत त्या हादऱ्यात काही उरत नाही. रस्त्यावरून जाणारा डंपर तुमची जमीन त्याहून जास्त हलवतो.

मग मुंबईत कशाला घाबरायचं? एक हिशोब मांडतो. तीन मीटर उंचीची संरक्षक भिंत धरा. मागे कोरडा मुरूम असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण अडीच टन रेटा येतो. मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात धरली जाते. त्यासाठी आराखड्यात घेतात तेवढा हादरा बसला तर हा रेटा साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो, म्हणजे तीन टन. आता भूकंप विसरा आणि भिंतीमागे पाणी माथ्यापर्यंत तुंबू द्या. रेटा साडेपाच टनांच्या पुढे जातो. दुपटीहून जास्त. भिंतीतली वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर पडायला ठेवलेली भोकं, प्लास्टिकच्या पिशव्यांनी, गिलाव्याने किंवा मागच्या गाळाने बंद होणं हे मोठ्या भूकंपापेक्षा वाईट आहे, आणि ते आपल्याकडे दर पावसाळ्यात घडतं.

भिंतीचं झालं. तिच्या मागच्या टेकडीचं काय? टेकडीचा पायथा हा तिचा टेकू. आपल्याकडे तो टेकू वर्षानुवर्षं थोडा थोडा खणला जातो. कुणी मोरीसाठी दीड फूट कापतो, कुणी स्वयंपाकघर मागे सरकवतो. निघालेली माती आणि डबर वरच्या बाजूला टाकून त्यावर पुढची खोली उभी राहते. खालचा टेकू गेला आणि माथ्यावर वजन चढलं, असा दुहेरी घाट्याचा सौदा. वरच्या वस्तीची गटारं आणि शोषखड्डे उतारातच उतरतात, नळाच्या गळक्या पाइपातून बारा महिने पाणी मुरतं, आणि डोंगर उन्हाळ्यातही पुरता सुकत नाही. भूकंपाने सैल झालेली माती काही वर्षांत सावरते, असं मी वर म्हटलं. कापलेला पायथा सावरत नाही. दर पावसाळ्यात उघड्या कापाची थोडी झीज होते, पुढच्या वर्षी तो आणखी चढ होतो. म्हणून "इतकी वर्षं काही झालं नाही" हे मुंबईच्या टेकडीवर सुरक्षिततेचं लक्षण नाही. ती टेकडी आज पंचवीस वर्षांपूर्वीची राहिलेली नसते. शिवाय पाऊसही तोच राहिलेला नाही. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्या पट्ट्यात आपला महाराष्ट्रही येतो.

हे फक्त झोपडपट्टीचं दुखणं आहे असंही समजू नका. ऑगस्ट २०२० मध्ये मलबार हिलच्या उताराची जुनी भिंत झाडांसकट पेडर रोडच्या अलीकडे रस्त्यावर आली. श्रीमंत टेकडीलाही निचरा लागतोच.

तुम्ही स्वतः काय बघायचं ते सांगतो. मे अखेरीस, पाऊस लागण्याआधी, टेकडीवर जितकं वर जाता येईल तितकं जा. उताराला आडव्या जाणाऱ्या भेगा शोधा. सापडलेली भेग चिकणमातीने ठासून बंद करा, वर ताडपत्री अंथरा आणि वरून येणारं पाणी चर खणून बाजूला वळवा. भेग कुठे आहे ते फोटोसकट वॉर्ड ऑफिसला लेखी द्या. पावसाळ्यात भिंतीकडे रोज एक नजर टाका. भिंतीला पोट आलंय का, वीप होलमधून स्वच्छ पाणी येतंय की गढूळ? गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चालली आहे. पाणी येणं एकदम थांबलं तर ते त्याहून वाईट, कारण भरपावसात पाणी कुठेतरी तुंबतंय. दारं-खिडक्या अचानक अडकायला लागणं, विजेचा खांब किंवा झाड कलणं, पूर्वी कधी नव्हता तिथे झरा फुटणं, यांतलं काहीही दिसलं तर सामान आवरत बसू नका, बाहेर पडा आणि महापालिकेच्या आपत्कालीन क्रमांकावर, १९१६ वर कळवा.

रात्रीबद्दल वेगळं सांगावंसं वाटतं. इर्शाळवाडी रात्री गाडली गेली. चेंबूर आणि विक्रोळी मध्यरात्रीनंतर. माणसं झोपेत होती. भेगा दिसतात, आवाज ऐकू येतो, पण जागं असलं तर. म्हणून चार-पाच दिवस संततधार लागलेली असेल आणि वर हवामान खात्याचा रेड अलर्ट आला असेल, तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना निदान त्या दोन-तीन रात्री नातेवाइकांकडे किंवा महापालिकेच्या शाळेत झोपायला न्या. पाऊस थांबल्या थांबल्या परतू नका. पाणी वरून खाली मुरायला वेळ लागतो आणि खोलवरची घसरण पाऊस ओसरल्यावर काही तासांनीही होते. दरवेळी दरड येणार नाही. पाच वेळा गैरसोय होईल आणि काहीच घडणार नाही, शेजारी नावं ठेवतील. तरीही जा.

संरक्षक भिंत मंजूर होत असेल, मग ती म्हाडाची असो की महापालिकेची, तर वस्तीने एकत्र येऊन आधी तीन गोष्टी विचाराव्यात: भिंतीमागे खडीचा गाळणथर आहे का, वीप होल किती अंतरावर आहेत, आणि वरचं पाणी अडवून बाजूला नेणारं गटार कामात धरलंय का. भिंतीची जाडी आणि उंची नंतर विचारा. निचरा नसेल तर ती भिंत धरण होऊन बसते, आणि धरण म्हणून ती बांधलेली नसते.

आता भावाचं म्हणणं. वरच्या खोलीच्या डोक्यावर दरड नसेल, हे खरं. पण ती खोली कशावर उभी आहे ते आधी बघा. मागच्या निम्म्या भागात मूळ मुरूम आणि पुढच्या निम्म्या भागात टाकलेला भराव, अशी टेकडीवरची बहुतेक जागा असते. घसरण सुरू होते ती अशाच भरावाच्या काठावरून, आणि मग वरची खोली खालच्यांवर जाते. खोली बघायला जाल तेव्हा जमिनीवर घराच्या लांबीला समांतर तडा आहे का, आणि पुढचा जोता मागच्या जोत्यापेक्षा खचलाय का, एवढं तपासा. यांतलं एक जरी दिसलं तर तो व्यवहार करू नका. नसलं तरी माझा सल्ला असा की वर-खाली न करता टेकडीपासून लांब, सपाटीवर, लहान का होईना पण भाड्याची खोली बघा. निदान जून ते सप्टेंबरपुरती.